जुनं व्हायचं राहिलेलं जाकीट

आमच्या मामांनी उभ्या जन्मात, एक सोडली तर, कुठलीच वस्तू नवी असताना वापरली नाही. मामा म्हणजे आमच्या थोरल्या आत्याचे मालक. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात आणि सख्ख्या मामापेक्षा त्याचं जास्त ऐकून घ्यावं लागतं. भीमेच्या काठाला वडगाव रासाईला त्यांची शेती. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, मग ती विकून जमीन घेतली, विहीर पाडली आणि माणसं एका जागी बसली. तर मी सांगत होते नव्या वस्तूंचं. नवी चप्पल आणली की मामा ती आधी गड्याला घालायला द्यायचे. तिची कुरकुर थांबली, टाच बसली की परत घ्यायचे. फोड गड्याच्या पायाला, सुख मामांच्या. नवी टोपी डोक्यावर जायच्या आधी दिवसभर बुडाखाली असायची. आत्यानं एकदा हौसेनं पितळेची कळशी घेतली, तर घरात शिरताना मामांनी ती मुद्दाम उंबऱ्यावर आपटून चांगला पोचा पाडला आणि म्हणाले, आता ही आपली झाली. आत्या त्या दिवशी जेवली नाही. माझी आतेबहीण शालन जन्मली तेव्हा सुईणीनं लेक पुढं केली, तर हे दोन पावलं मागं सरकले आणि म्हणाले, "जरा जुनी हू द्या, मग घेतो." पोर मान धरायला लागेपर्यंत खरोखर हात लावला नाही. नंतर एकदा घेतली ती शाळेत जाईपर्यंत खाली ठेवली नाही, ही गोष्ट वेगळी.

लोकांना वाटायचं मामा कंजूष आहेत. तसं काही नव्हतं. मामांना नव्याची लाज वाटायची. नवा सदरा घालून पारावर गेलं की चार जण विचारणार, कुठून घेतला, केवढ्याला घेतला, आज काय विशेष. आपल्या अंगावरच्या कापडाकडं माणसानं बघावं आणि आपल्याकडं बघू नये, हे मामांना सहन होत नसे. त्यांचं म्हणणं असं, की वस्तू माणसात मुरली पाहिजे, तोवर ती दुकानदाराचीच असते, आपण नुसती राखण करतो. माझं शिरूरला एसटी स्टँडच्या मागं शिलाईचं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे ड्रेस, असलं काम. मामा कांदा घेऊन मार्केट यार्डात आले की माझ्याकडं चहाला यायचे. मी एकदा हौसेनं त्यांना सदरा शिवला. त्यांनी तो उलटा-सुलटा करून बघितला, शिलाईचं कौतुक केलं आणि विचारलं, जुनाच शिवून मिळत न्हाई का गं. मी तोंडाची फटकळ आहे. मी म्हणाले, मिळतो की, पण माप घ्यायला तुम्हाला मागच्या वर्षी यायला लागलं असतं. मामा खूष झाले. त्यांच्याशी असं बोललं की ते अर्धा कप चहा जास्त घ्यायचे.

दुसरा नाद गोष्टी सांगायचा. माणसाचे पाय एका जागी बसले, पण जीभ अजून मेंढरांमागं रानोमाळ हिंडत होती. त्यातली सगळ्यात लाडकी गोष्ट दौंडची. मामा तरुणपणी वडिलांबरोबर मेंढरं घेऊन दौंडच्या बाजूला गेले होते. रेल्वेच्या रुळात म्हणे कळपातला एडका अडकला. समोरून गाडी. मामांनी डोक्यावरचा लाल फेटा सोडून हवेत फडकावला, गाडी थांबली. इंजिनातून गोरा ड्रायव्हर उतरला, त्यानं मामांना शाबासकी दिली आणि अंगातलं चामड्याचं जाकीट काढून त्यांच्या खांद्यावर टाकलं. ही गोष्ट मी लहानपणी ऐकली तेव्हा ती मालगाडी होती. माझं लग्न झालं तेव्हा तिची मेल झाली. पुढं पुढं तर त्या गाडीत एक मंत्री बसायला लागले. गाडी बदलत गेली, पण जाकीट तेच राहिलं. कुणी म्हणालं, दाखवा की, तर मामा म्हणायचे, ट्रंकेत हाय, हवा लागली तर बिघडंल. ट्रंकेची किल्ली आत्याच्या कमरेला असायची आणि आत्या या गोष्टीच्या वेळी नेमकी चुलीपाशी निघून जायची. त्यावरून आम्ही समजायचं ते समजलो होतो. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते शालनच्या लग्नात. नव्वद सालानंतरची गोष्ट. दौंडचं स्थळ आलं. मुलगा कंपनीत कामाला, घर स्वतःचं, माणसं सरळ. शालननं मुलगा चोरून दोनदा बघितला आणि तिसऱ्यांदा पोह्यांच्या बशीसकट समोर आली तेव्हा तिचं ठरलेलं होतं. बघायला आलेल्या पाहुण्यांत मुलाचे आजोबा होते. त्यांना सगळे आबा म्हणायचे. किरकोळ अंगाचे, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. मामांना कमी बोलणारा माणूस दिसला की चेव यायचा. पोहे संपायच्या आत एडका रुळात अडकला, फेटा फडकला, मंत्री खिडकीतून डोकावले आणि जाकीट खांद्यावर पडलं. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग बशी खाली ठेवून म्हणाले, मी दौंडच्या लोको शेडमध्ये जन्म काढला, इंजिनांवरच होतो, तुमचा तो ड्रायव्हर माझ्या ओळखीतलाच असणार. आणि विचारलं, "जाकीट हाय का अजून?"

मामांनी तिथं न्हाई म्हणायला पाहिजे होतं. उंदरानं खाल्लं, पुरात गेलं, काहीही चाललं असतं. पण मामांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, हाय की, ट्रंकेत. आबा म्हणाले, मग सुपारी फोडायला येऊ तेव्हा बघू, आमच्या शेडची आठवण आहे. झालं. पाहुणे गेल्यावर मामा ओसरीवर जे बसले ते दिवे लागले तरी उठले नाहीत. आत्या म्हणाली, सरळ निरोप धाडा की जाकीट-बिकीट काही नाही, माणूस गमतीनं बोलतो. मामा म्हणाले, "जाकिटाचं खोटं निघालं तर आपण पोरीबद्दल जे जे सांगितलं ते समदं खोटंच वाटंल त्यांला. तिचं वय, तिचं शिक्षण, आपली विहीर. एका चामड्यापायी पोरीची सोयरीक मोडंल." आतल्या खोलीत शालन मुसमुसायला लागली. तेव्हा आमचं सगळं हसणं बंद झालं. माणूस थापाड्या असला तरी लेकीच्या बाबतीत फार हळवा होता.

दुसऱ्या दिवशी मामा पुण्याला गेले. कॅम्पात एका दुकानात शिरून म्हणाले, तीस वर्षांपूर्वीचं जाकीट दाखवा. दुकानदारानं आधी यांच्या धोतराकडं बघितलं, मग एक जाकीट पुढं टाकलं. कोपरं घासलेली, कॉलर विटलेली, खिशाच्या कडा उडालेल्या. मामा हरखले. मग कळलं, ते कोरं करकरीत आहे, कारखान्यातच घासून जुनं केलंय, आता तीच फॅशन आहे आणि म्हणून ते साध्या नव्यापेक्षा महाग आहे. मामांचं डोकं फिरलं. ते मला नंतर सांगत होते, नव्यापेक्षा जुनं महाग कुठं असतंय का, आन् तेबी कुण्या अनोळखी माणसानं घासलेलं. जन्मभर वस्तू जुन्या करण्यात हात बसलेला माणूस, त्यानं हे काम पैसे देऊन बाहेरून का करून घ्यावं? रागाच्या भरात त्यांनी साधं, काळं, चकचकीत नवं जाकीट घेतलं आणि घरी आले. सुपारीला पंधरवडा होता. तीस वर्षं पंधरवड्यात बसवायची होती.

पहिल्यांदा वीट आणली. जाकीट ओट्यावर पसरून मामा कोपरं घासायला बसले. विटेनं रंग गेला, पण चामड्याचा फार भुगा पडायला लागला म्हणून आत्याची पाय घासायची वज्री घेतली. ती आत्याच्या माहेरची होती. आत्या म्हणाली, माझ्या टाचा फाटल्या तरी चालतील, पण जाकीट गुळगुळीत नको राहायला, असंच ना. मामांनी मान डोलावली, कारण ते खरंच होतं. मग चहाचा चोथा चोळला. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचं जळकं तेल फासलं, इंजिन ड्रायव्हरचं जाकीट म्हटल्यावर वास तरी आला पाहिजे. गोठ्याच्या दारात जाकीट अंथरलं, जनावरांनी तुडवावं म्हणून. म्हशीनं ते हुंगलं आणि आत जायलाच तयार होईना. तिच्या सात पिढ्यांचा कुणी नातेवाईक त्यात होता की काय कोण जाणे. आत्याला धार अंगणात काढावी लागली. शेवटी कांद्याच्या गोण्यांखाली घालून ट्रॉलीतून शिरूरपर्यंत नेलं आणि परत आणलं. घड्या मात्र पडल्या छान.

तरी मामांचं समाधान होईना. म्हणाले, ओरखडे पाहिजेत, रानातले. त्यांचा एक चुलतभाऊ अजून मेंढरं घेऊन हिंडायचा आणि त्या वेळी त्याच्या मेंढरांचा वाडा मामांच्याच रानात बसवला होता, लेंडीखतासाठी. मामांना वाटलं, आपण रानात हिंडण्यापेक्षा हिंडणाऱ्यालाच जाकीट घालावं. दोघांनी मिळून कळपाचा म्होरक्या एडका धरला, पुढचे पाय बाह्यांत घातले, चेन पाठीवर ओढली आणि त्याला सोडून दिलं. आता मला सांगा, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं वळलेली, यांना एवढं कळू नये? मेंढरं वासावर चालतात. कळपानं बघितलं, आपला म्होरक्या येतोय, पण वास डिझेलचा आणि कांद्याचा. कळप बिथरला आणि चार दिशांना पांगला. ज्या कुत्र्यानं त्या एडक्याला कोकरू असल्यापासून राखलं होतं, तेच कुत्रं त्याच्यावर धावून गेलं. एडका जीव घेऊन बाभळीच्या कुंपणातून आरपार शेजाऱ्याच्या उसात घुसला. अर्धी वस्ती संध्याकाळपर्यंत उसातून जाकीट घातलेला एडका शोधत होती. चुलतभाऊ पुढं कितीतरी दिवस मामांशी बोलत नव्हता. पण ओरखडे म्हणाल तर अस्सल मिळाले.

सुपारीच्या आदल्या दिवशी मामा ते घेऊन माझ्या दुकानात आले. दिसायला भयंकर. मी बाहेरून हात फिरवला आणि म्हणाले, कमाल केलीत. मग चेन उघडली, तर आत लालभडक साटीनचं अस्तर, कोरं, चमकणारं, नव्या नवरीच्या ब्लाउजपिसासारखं. मी म्हणाले, मामा, हे अस्तर ओरडून सांगतंय सगळं. तासभर बसा, मी उसवून जुनं मांजरपाट लावून देते. मामांना घाई होती, आचारी बघायचा होता, खुर्च्या सांगायच्या होत्या. जाकीट गुंडाळत ते म्हणाले, "आतून कोण बघतंय?" त्यांच्या चेहऱ्यावर इतकी काळजी होती की मी कात्री परत ठेवून दिली.

सुपारीला अंगणात मांडव होता. फाल्गुनातलं ऊन. मामांनी ट्रंक चारचौघांत बाहेर आणवली, आत्याकडून किल्ली मागून घेतली आणि जुन्या धोतराच्या घडीतून जाकीट काढलं. पाहुण्यांत ते हातोहात फिरलं. लोक मान हलवत होते, काय चामडं आहे, काय जुनी वस्तू आहे. एकानं नाकाजवळ नेऊन विचारलं, याला कांद्याचा वास कसा काय? मामा क्षणभरही थांबले नाहीत. म्हणाले, मालगाडी कांद्याचीच व्हती. मी मनातल्या मनात हात जोडले. मेल गेली, मंत्री गेले, गाडी पुन्हा मालगाडी झाली. मग जाकीट आबांपर्यंत पोचलं. आबांनी कोपरावर बोट फिरवलं, कॉलर वाकवून बघितली आणि ते मामांपुढं धरून म्हणाले, घाला बरं, बघू कसं दिसतं.

मामांनी जाकीट घालण्यासाठी उघडलं आणि भर उन्हात ते लाल अस्तर असं झळकलं की मांडवातल्या शेवटच्या माणसालाही दिसलं. तरी मामांनी नेट लावून ते अंगात घातलं. बाहेरून कितीही छळलेलं असलं तरी ते जाकीट कधी माणसानं घातलेलंच नव्हतं. कुठं वाकायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. करकर आवाज झाला आणि मामांचे दोन्ही हात अंगापासून लांब, बुजगावण्यासारखे उभे राहिले. शिवाय त्यांनी कोपरं घासली होती ती जमिनीवर पसरून, अंदाजानं. ती त्यांच्या कोपराच्या खाली चार बोटं आली होती. सुपारी घ्यायला हात जोडायला गेले तर हात जुळेनात. दारात शालन उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला. आत्यानं पदर तोंडात धरला. आणि आमचे मामा, ज्यांना बोलताना कुणी थांबवू शकलं नव्हतं, ते खाली बघत उभे होते. मला त्यांची अशी दया आली की उठून ते जाकीट ओरबाडून काढावं आणि सगळ्यांना घरी हाकलावं असं वाटलं. शेवटी मामांनी तोंड उघडलं. म्हणाले, आबा, ते असं हाय...

आबांनी हात वर केला. म्हणाले, "पाव्हणं, जाकीट खरं हाय. तुमी ते जरा लवकर दाखवलंत, एवढंच."

आधी आत्या हसली. मग तिचं बघून बायका, मग सगळा मांडव. मामा हसावं की रडावं या विचारात तसेच हात पसरून उभे. आबांनी उठून सुपारी त्यांच्या खिशात घातली, कारण हातात घेता येत नव्हती, आणि सगळ्यांदेखत अट घातली. आमच्या दाराला याल तेव्हा हेच घालून यायचं. जुनं झालं की मी सांगेन. तोवर दुसरं अंगात चालणार नाही. मामांनी लगेच हो म्हटलं. त्या वेळी त्यांना म्हशीवर बसून या म्हटलं असतं तरी ते हो म्हणाले असते. लग्न थाटात झालं.

मग सुरू झाल्या दौंडच्या फेऱ्या. लेक दौंडला दिलेली, त्यामुळं सण, बारसं, आजारपण, काहीही निमित्त मामांना पुरायचं. फटफटी काढायची, जाकीट चढवायचं, मागं आत्याला बसवायचं आणि भीमेवरचा पूल ओलांडून निघायचं. आत्या तोवर एसटीशिवाय कशात बसली नव्हती. तिला फटफटीची भयंकर भीती. ती दोन्ही हातांनी मामांना धरून, डोळे मिटून बसायची आणि पूल आला की जास्तच घट्ट धरायची. मामा म्हणायचे, हिच्यामुळं मला श्वास घेता येत न्हाई. वैशाखात तर बघायला नको. रस्त्यानं माणसं उपरणी डोक्याला गुंडाळून चाललेली आणि त्यांच्या मधून हे चामड्यात शिजत चाललेले. दौंडला पोचून जाकीट काढलं की सदरा पिळून वाळत घालावा लागायचा. आबा दारातल्या खुर्चीत बसलेले असायचे. कॉलर बघायची, बाही बघायची, कोपर दाबायचं आणि म्हणायचं, "न्हाई अजून." सुरुवातीला मामांनी वाटेत थांबून गुपचूप वज्री मारूनही बघितली. आबांनी लांबूनच सांगितलं, वज्री बंद करा. मग मामांनी नाद सोडला.

गंमत अशी झाली, की विटेनं जुनं केलेलं ते जाकीट आधी उलट बेकार दिसायला लागलं. घासलेल्या जागा खरूज झाल्यासारख्या पांढऱ्या पडल्या, पापुद्रे निघाले. पण वर्षं गेली तशी त्यांवर घाम, ऊन, धूळ बसत गेली. मामांची खरी कोपरं वाकत होती तिथं चामड्याला वळ्या पडल्या आणि त्या जाकिटाला दोन-दोन कोपरं झाली, एक विटेचं आणि एक मामांचं. विटेचं हळूहळू पुसट होत गेलं. कॉलर मानेवर वळली. उजव्या खिशाची कड तंबाखूच्या पिशवीनं खाली ओढली गेली. करकर कधी थांबली ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. आबा मात्र तेच म्हणायचे, न्हाई अजून. मामा परत येताना माझ्या दुकानात तक्रार करायचे, म्हातारा लई कडक हाय, मॅट्रिकच्या परीक्षेलाबी एवढं तपासत न्हाईत.

शालनच्या मुलाच्या जावळाला मी दौंडला गेले होते. दुपारी आबा एकटे बसलेले बघून मी विचारलंच, की आबा, तुम्हाला ते खोटं आहे हे अस्तर बघून कळलं की आधीच? आबा मिशीत हसले. म्हणाले, पोह्यांच्या वेळीच कळलं होतं. वाफेच्या इंजिनात समोर भट्टी धगधगत असते, तिथं अंगावर बनियनसुद्धा नकोसं व्हायचं, तिथं चामड्याचं जाकीट घालून कोण मरतंय? मी म्हणाले, मग मागितलंत कशाला? तर म्हणे, माणूस किती लांब जातोय ते बघायचं होतं. मी म्हणाले, आणि एवढं खोटं कळून लेक कशी केलीत त्यांची? आबा म्हणाले, "ज्याला खोटं बोलायला एवढं कष्ट पडत्यात, तो आमाला काय फसवणार?" आणि त्यांनी मला बजावलं, हे मामांना सांगायचं नाही. मी पोटात काही ठेवणारी बाई नव्हे, पण हे ठेवलं.

दोन हजार सालानंतर कधीतरी आबा गेले. दहाव्याला मामा जाकीट घालूनच गेले. भावकीतल्या कुणी कुणी तोंडं वाकडी केली, सुतकात हे काय सोंग म्हणून. विधी उरकल्यावर मामा दारातल्या त्या रिकाम्या खुर्चीसमोर जरा वेळ उभे राहिले आणि परत आले. येताना माझ्याकडं थांबले. चहा समोर ठेवला तो तसाच निवला. मग म्हणाले, "पास न करताच गेला गं म्हातारा." मी एरवी काहीतरी टोचून बोलले असते. त्या दिवशी नाही, कारण ते डोळे पुसत होते आणि बाही इतकी मऊ झाली होती की ती पुसायला चालत होती.

त्यानंतर मामांनी ते जाकीट उतरवलंच नाही. रानात, बाजारात, ग्रामसभेत, सगळीकडं तेच. कुणी विचारलं तर सांगायचे, परीक्षा अर्धी राहिली आहे. ड्रायव्हरची गोष्ट मात्र त्यांनी पुन्हा सांगितली नाही. पारावर कुणी आठवण काढलीच तर म्हणायचे, हे माझ्या व्याह्यानं मला घालायला लावलेलं जाकीट हाय. वस्तू नवी असताना वापरलेली त्यांच्या आयुष्यातली ती एकच, आणि तीच त्यांच्या अंगात शेवटपर्यंत राहिली.

मागच्या थंडीत मामाही गेले. साध्या तापाचं निमित्त झालं. महिना-दीड महिन्यानं आत्या एसटीनं शिरूरला आली, पिशवीत जाकीट घेऊन. जावयाला ते वापरायचं होतं. म्हणाली, आतलं कापड फाटलंय, तेवढं बदल, बाहेरून हात लावू नको. मी ते टेबलावर उलटं केलं. तो लालभडक रंग कुठल्या कुठं गेला होता. अस्तर काळपट, खांद्याला चिंध्या, काखेत मिठाचे पांढरे डाग. मला 'आतून कोण बघतंय' आठवलं. मग मी नेहमीप्रमाणं बडबड सुरू केली. जाकीट सुलटं करून बघते तर कमरेच्या वर, दोन्ही बाजूंना, तळहाताएवढ्या दोन जागा पार झिजलेल्या. रंग उडालेला, चामडं पातळ, लोण्यासारखं मऊ. मी म्हणाले, बघ आत्या, मामांचं काम. कोपरं सोडून इथं कुणी वज्री मारतं का? इथं कधी कुणाचं जाकीट झिजलंय?

आत्यानं जाकीट माझ्या हातातून घेतलं, मशीनपुढच्या माझ्या खुर्चीच्या पाठीला घातलं, खांदे नीट केले आणि खुर्चीच्या मागं जाऊन उभी राहिली. मग तिनं दोन्ही बाजूंनी दोन हात पुढं घेतले आणि मुठी आवळल्या. त्या दोन जागांत त्या बरोब्बर बसल्या.

"हे त्यांनी न्हाई घासलं," आत्या म्हणाली. "हे मी घासलंय."

तिनं डोळे मिटून घेतले होते. स्टँडवरून गाड्यांचे आवाज येत होते. आत्यानं मुठी लगेच सोडल्या नाहीत आणि मीही अस्तराचं माप घ्यायची घाई केली नाही.